माहूरच्या वाटेवरचे खासबाग

श्रीदत्तात्रेयांच्या नित्यक्रमाविषयी माहूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या जी श्रद्धा चालत आली आहे, तिच्यानुसार प्रभूंचे प्रातःस्नान काशीच्या गंगेत होते, मध्यान्हीची भिक्षा ते करवीरक्षेत्री मागतात, आणि ही सारी भ्रमंती आटोपून रात्रीच्या निद्रेसाठी ते माहूरच्या शिखरावर परत येतात. पैनगंगेने वेढा घातलेला, सागवानाच्या अरण्यात वसलेला आमचा हा डोंगर आणि पंचगंगेच्या काठचे ते कोल्हापूर यांच्यामध्ये जवळजवळ अवघ्या महाराष्ट्राची रुंदी पसरलेली आहे. तथापि रेणुकामातेचे माहूर आणि अंबाबाईचे कोल्हापूर ही साडेतीन शक्तिपीठांपैकी दोन पूर्ण पीठे असल्यामुळे, या दोन टोकांमधील वाट यात्रेकरूंच्या पायांखाली सदैव मळलेली राहिली. या वाटेने कोल्हापुरास गेलेल्या आमच्याकडील मंडळींचा क्रम ठरलेला असतो: अंबाबाईची ओटी भरून होते, रंकाळ्याच्या काठावर घटकाभर बसणे होते, ज्योतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळून होतो, आणि मग तांड्यातील एखादा वयस्क शेतकरी, ज्याने ऐन उमेदीत गावच्या जत्रेत नारळाची कुस्ती मारलेली असते, कोणातरी दुकानदारास विचारतो, “मालक, ते कुस्त्यांचं मैदान कुणीकडं आहे?” देवळापासून मिरजकर तिकटीच्या रोखाने थोडे चालले की हे मैदान येते. त्याचे नाव खासबाग.

रिकामे मैदान पाहण्यात काय अर्थ आहे, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. देवळात देव असतो, किल्ल्यात निदान पडके बुरूज असतात; ज्या मैदानात त्या दिवशी कुस्ती नाही, हलगी नाही, माणूसही नाही, तेथे जाऊन पाहावयाचे ते काय? माझे उत्तर असे की, खासबाग हे स्वतःच एका रिकाम्या मैदानाच्या दर्शनातून जन्माला आलेले आहे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज परदेशी एका उद्ध्वस्त, निर्मनुष्य प्रेक्षागाराच्या पायऱ्यांपाशी उभे राहिले नसते, तर मराठी मुलखातील कुस्ती जत्रेच्या उघड्या माळावरून पक्क्या मैदानात इतक्या लवकर आली असती, असे मला वाटत नाही. मात्र महाराजांनी रोमहून काय आणले आणि काय आणले नाही, हे समजण्यासाठी प्रथम आपल्याकडील जत्रेचा माळ पाहावयास हवा.

मराठवाड्याच्या कुस्तीचा इतिहास लिहू गेल्यास त्याचा आरंभ फार मागे न्यावा लागतो. आजच्या नांदेड-लातूरच्या प्रदेशावर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या निलंगे तालुक्याच्या सीमेपासून फार दूर नाही. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर, ज्याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले, त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशवजा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. राजाने कोणकोणत्या विनोदांत मन रमवावे हे सांगताना या ग्रंथात मल्लविनोदाचा स्वतंत्र अध्याय घातलेला असून, मल्लांची वय, बळ आणि शरीर पाहून केलेली वर्गवारी, त्यांचा आहार, त्यांचा व्यायाम, त्यांच्या जोडी लावण्याची रीत आणि खुद्द आखाड्याची व्यवस्था यांचा त्यात विचार केलेला आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी, जिथून आज लातूरची मुले तालमीत जातात त्या प्रदेशाच्या राजाने, मल्लाला काय खाऊ घालावे हा राज्यकारभाराच्या ग्रंथात बसणारा विषय मानला, याचा आम्हांस अभिमान वाटावयास हवा. पण त्या अध्यायातील आखाडा राजाचा आहे. प्रेक्षकांत राजा आहे, राजपरिवार आहे, मानकरी आहेत. शेतावरून थेट आलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला मनुष्य तेथे नाही.

त्या मनुष्याची कुस्ती जत्रेत होती. मार्गशीर्ष महिन्यात लोहे तालुक्यातील माळेगावी खंडोबाची जी यात्रा भरते, तिला घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजारासाठी दूरदूरचे व्यापारी येतात आणि लावणीचे फड उभे राहतात. या यात्रेत कुस्त्यांची दंगल हा ठरलेला कार्यक्रम असतो. अशा दंगलीची रीत गावोगावी थोड्याफार फरकाने एकच. सकाळी माळावरचे दगडगोटे वेचून जमीन नांगरतात, ढेकळे फोडून पाणी मारतात. दुपार कलू लागली की हलगी घुमू लागते. आरंभी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. ज्यांच्या अंगावर लंगोटही नीट बसत नाही अशी ही पोरे मातीत लोळून उठतात आणि मूठभर रेवड्या घेऊन आईकडे धावतात. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळण्याच्या बेतास शेवटची मानाची कुस्ती. जोड लावणे हे पंचांचे कसबाचे काम. एक मल्ल फडात फिरून शड्डू ठोकतो, त्याच्या तोडीचा दुसरा गर्दीतून पुढे येतो, हाताला हात लावतो; पंच दोघांच्या माना, दंड, मांड्या पाहतात, वस्तादांना विचारतात, आणि जोड विजोड वाटल्यास मोडतात. मूठभर माती उचलून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकावयाची, आपल्याही अंगाला चोळावयाची, सलामी द्यावयाची, आणि मग खडाखडी सुरू. पट काढला, ढाक लावली, घिस्सा ओढला, की लोक आरोळी ठोकतात. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती चितपट झाली. जिंकलेल्याच्या डोक्यावर फेटा, हाती नारळ, आणि दोस्तांच्या खांद्यावरून मिरवणूक.

या दंगलीत एक मोठे वैगुण्य होते, आणि या निबंधाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. सपाट माळावर कुस्ती लागली म्हणजे पहिल्या दोन-तीन रांगांतील मंडळींना ती दिसते, मागच्यांना केवळ पुढच्यांच्या पाठी दिसतात. मग मागचे पुढे रेटतात, रिंगण आवळत जाते, पंच काठी घेऊन लोकांना मागे सारू लागतात, चांगली रंगलेली कुस्ती मध्येच थांबवावी लागते. धाडसी पोरे बाभळीवर चढतात, कोणी बैलगाडीच्या साट्यावर उभा राहतो, कोणी देवळाच्या ओवरीच्या छतावर. बायाबापड्यांनी आणि म्हाताऱ्यांनी कुस्ती पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या गावी टेकडीचा उतार असे, ते गाव भाग्यवान. तेथील शहाणे पंच हौदा उताराच्या पायथ्याशी धरीत आणि लोकांना उतारावर बसवीत. हे साधे शहाणपण किती जुने आहे कोण जाणे, पण खासबागेचे मूळ मला रोमपेक्षा अशा उतारात अधिक दिसते.

मराठवाड्यात अशा उतारांचे पुढे पक्के मैदान का झाले नाही, याचे कारण काही अंशी आमच्या राजकीय दैवात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. माहूर ज्या किनवट तालुक्यात मोडत असे तो तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि तहसील कचेरीचा कारभार उर्दूत चाले. दूर राजधानीत, ज्या जागी १६८७ च्या गोवळकोंड्याच्या वेढ्यात औरंगजेबाच्या फौजेचा तळ पडला होता, तेथे फतेहमैदान होते. पुढे तेथे खेळ होऊ लागले आणि स्वातंत्र्यानंतर त्यास लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले. पण सुभ्यातील रयतेने एकत्र जमावे, यासाठी सरकारने स्वतः होऊन जागा बांधावी, ही कल्पना त्या राज्यास रुचणारी नव्हती. १९२९ च्या सुमारास निघालेल्या गश्ती निशाण ५३ या हुकमाने सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. खासगी शाळा आणि खासगी आखाडे यांवरही निर्बंध आले, आणि १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ज्या तक्रारी मांडल्या गेल्या त्यांत आखाड्यांवरील निर्बंधाची तक्रार होती. दहा-वीस तरुण एका खोपटात लाल माती टाकून जोर-बैठका काढतात, एवढ्यावर सत्तेची नजर जावी, यावरून तालमीचे सामर्थ्य त्या सत्तेस किती चांगले समजले होते हे दिसते. जत्रेतील कुस्ती मात्र देवाच्या नावाने चालत असल्यामुळे तगली. मराठवाड्याची कुस्ती खंडोबाने, मारुतीने आणि गावोगावच्या पीरांच्या उरुसांनी राखली, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

या निर्बंधांच्या कितीतरी आधी सह्याद्रीच्या अलीकडच्या अंगास, कोल्हापुरात, एक राजा नेमका उलटा विचार करीत होता.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. ते स्वतः अंगापिंडाने भव्य, मातीत उतरलेले, मल्लांच्या संगतीत रमणारे. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणसमारंभासाठी ते विलायतेस गेले, आणि या प्रवासात रोमचे कलोसियम त्यांनी पाहिले. इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाने उघडलेले, सुमारे पन्नास हजार प्रेक्षक सामावणारे ते प्रेक्षागार तेव्हा शतकानुशतके ओस पडलेले होते. महाराजांनी तेथे एकही झुंज पाहिली नाही. पाहिल्या त्या पायऱ्या, रिंगण, आणि कोठेही बसले तरी मध्यभाग दृष्टीस पडावा अशी योजना. प्रवासी मनुष्य रिकाम्या वास्तूत जे पाहू शकतो ते गर्दीच्या दिवशी त्याला दिसत नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या दिवशी रिंगणात झुंज चालू असती, तर महाराजांमधील जातिवंत कुस्तीगिराचे डोळे झुंजीवर खिळले असते. रिंगण मोकळे असल्यामुळे ते प्रेक्षकांच्या बैठकीकडे वळले.

याच प्रवासकाळात, २६ जुलै १९०२ रोजी, महाराज परदेशी असतानाच, करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध हुकूम संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. कचेरीत कोणी बसावे याचा निकाल ज्या वर्षी लागला, त्याच वर्षी मैदानात सर्वांनी कसे बसावे याचे बीज महाराजांच्या मनात पडले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. रोमच्या त्या प्रेक्षागारात बैठक दर्ज्याप्रमाणे होती: रिंगणालगत सिनेटचे सभासद, त्यांच्यामागे सरदार, मग सामान्य नागरिक, आणि अगदी वरच्या, सर्वांत दूरच्या पायऱ्यांवर स्त्रिया आणि गुलाम. आत मनुष्यप्राण्यांचा वध होई आणि बाहेर त्याच्या पायऱ्यांवर समाजाची उतरंड मांडलेली असे. महाराजांनी रोमहून उताराची योजना घेतली. उतरंड आणि रक्त ही दोन्ही तिथेच सोडली. दरबारी मानकऱ्यांची बैठक त्या काळी खासबागेतही वेगळी असणार, ते राज्य राजाचे होते. परंतु मैदानाचा बहुतेक सर्व उतार सामान्य रयतेसाठी होता, आणि मध्यभागी जे ठेवावयाचे ते तर पूर्णपणे आपल्या जत्रेतले होते. लाल मातीचा हौदा.

खासबागेच्या बांधकामास १९०७ मध्ये आरंभ झाला आणि १९१२ मध्ये मैदान पुरे झाले. याच दशकात महाराजांच्या मनात राधानगरीच्या धरणाचीही योजना आकार घेत होती. पाणी अडवून शेतापर्यंत नेणे आणि कुस्ती मैदानात आणून लोकांपर्यंत नेणे, ही दोन्ही कामे एकाच राजाच्या दृष्टीत शेजारी शेजारी होती. खासबागेची रचना वर्णन करण्यास फार शब्द लागत नाहीत, आणि तेच तिचे सौंदर्य आहे: मध्यभागी गोल हौदा, त्याभोवती मोकळे रिंगण, आणि त्यापलीकडे चहूंबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. वर छप्पर नाही, म्हणून दृष्टीआड येणारा एकही खांब नाही. सुमारे तीस हजार माणसे बसू शकतात, आणि अगदी शेवटच्या रांगेतील मनुष्यालाही खाली मल्लाने कोणता हात कोठे घातला हे दिसते. जत्रेत बाभळीवर चढणाऱ्या त्या पोराला येथे जागा मिळाली. उद्घाटनाची कुस्ती म्हणून गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत सांगितली जाते. पंजाबच्या या नामांकित मल्लांना दक्षिणेत आणून त्यांच्याशी स्थानिक मल्लांची गाठ घालून देणे हा महाराजांच्या धोरणाचा भागच होता. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची कीर्ती ज्या दिवसांत वाढली ते हे दिवस.

हौद्यातील मातीविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण खासबाग पाहावयास येणारा पुष्कळदा बैठक पाहतो आणि माती पाहावयाची विसरतो. ही माती शेतातून उचलून आणून टाकलेली नसते. ती चाळून बारीक करतात, तिच्यात तेल आणि ताक जिरवितात, लिंबाचा रस, हळद आणि कापूर घालतात. तेला-ताकाने ती मऊ राहते, अंगास खरचटत नाही. हळदीने जखम चिघळत नाही. वेळोवेळी ती उकरावी लागते, भिजवावी लागते, नाही तर दगडासारखी बसते. तालमीत नव्याने दाखल झालेल्या पठ्ठ्याचे पहिले काम फावडे मारून हौदा उकरणे हेच असते, आणि वस्ताद त्याला डाव शिकविण्यापूर्वी त्याचे फावडे पाहतो. खासबागेतील हौद्यापुढे उभे राहून एखादा जाणता कोल्हापूरकर आपली पादत्राणे काढतो, याचे कारण त्याला विचारावे लागत नाही.

येथे विषयांतर करून आमच्या निजामी मुलखाशी संबंधित एक आख्यायिका सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल निजामाच्या राज्यातून पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारी आव्हान दिले, असे सांगतात. कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने मुदत मागून ते आव्हान उचलले, तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिला, आणि तेथे झाडावरील वानराच्या हालचाली पाहून त्याने मल्लखांबाची विद्या सिद्ध केली. पुण्यास परतून त्याने अलीला पाडले, आणि गुलाब हौद्यात उतरलाच नाही. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. परंतु मल्लखांबाची परंपरा बाळंभटदादांपर्यंत पोचते हे सर्वमान्य आहे, आणि कथेत ज्या डोंगराचे नाव येते तो साडेतीन पीठांतील अर्ध्या पीठाचा डोंगर आहे, हे माहूरच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. शक्तीची उपासना आणि शरीराची उपासना आपल्या पूर्वजांनी एकाच डोंगरावर केली.

महाराजांचा देहान्त १९२२ च्या मे महिन्यात झाला. मैदान मात्र त्यांच्यामागे अधिकच गाजू लागले. फाळणीनंतरही पाकिस्तानातून गोगा, नासिर, सादिक या नावांचे पंजाबी मल्ल खासबागेत येत राहिले, आणि ज्या काळात दोन देशांमध्ये पत्र जाणेही अवघड होते त्या काळात कोल्हापूरकरांनी लाहोरच्या मल्लाला खांद्यावर घेऊन मिरविले. सीमेवरील एकसंबे गावचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर, आणि १९६४ साली मारुती माने. ही सारी नावे कोल्हापूरच्या मातीशी जोडलेली आहेत. खाशाबा जाधवांचे ऋण तर निराळ्याच प्रकारचे. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. परतल्यावर त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी नंतर कुस्त्या करून त्या इनामांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. ज्या गावाने चाळीस वर्षे आधी रयतेसाठी मैदान बांधले, त्याच गावच्या प्राचार्याला शिष्यासाठी घर गहाण ठेवण्याची बुद्धी व्हावी, यात मला एकाच संस्काराचा धागा दिसतो.

मराठवाड्याचा या मैदानाशी प्रत्यक्ष संबंध जुळला तो निजामी राजवट सरल्यानंतर. १९६० च्या १ मे रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली स्पर्धा औरंगाबादेस भरली. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. नव्या राज्याने आपल्या कुस्तीचा पहिला मान मराठवाड्यास दिला, ही गोष्ट आम्ही विसरता कामा नये. १९६९ साली हीच स्पर्धा लातुरास आली, आणि तिथे किताब जिंकला तो निलंगे तालुक्यातील रामलिंग मुदगड गावच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी. घरच्या मातीत जिंकलेला हा मल्ल घडला होता कोल्हापूरच्या तालमीत. पुढे तो रुस्तुम-ए-हिंद झाला, बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला त्याने पाडले, आणि उत्तरायुष्यात पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बसून त्याने शिष्य तयार केले. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले; बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे, जो बिराजदारांच्या हाताखाली वाढला, त्याने २०१८ साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. चालुक्यांच्या कल्याणीशेजारचा निलंगे तालुका आणि शाहू महाराजांचे कोल्हापूर यांना जोडणारी वाट यात्रेकरूंनी मळवली होती. पण या मुलांनी त्याच वाटेने ट्रंक आणि तुपाचा डबा घेऊन जाऊन तिला दुसरा अर्थ दिला. दूध, बदाम, खुराक यांचा खर्च बापाने कापसाच्या पट्टीतून काढावयाचा, पट्टी फसली तर बैल विकावयाचा, आणि पोराने त्याचे उतराई व्हावयाचे ते हौद्यात.

मोठी क्रीडांगणे पाहण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे. मुंबईस गेलेला मनुष्य वानखेडे पाहावयास जातो. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या सामन्यात क्लाइव्ह लॉईडने तेथे द्विशतक केले, आणि २ एप्रिल २०११ रोजी धोनीने मारलेला षटकार तेथेच प्रेक्षकांत जाऊन पडला. अशी स्थळे अवश्य पाहावीत. तथापि त्या क्रीडांगणांचा जन्म क्लब आणि संघटना यांच्या गरजांतून झालेला आहे. खासबागेचा जन्म निराळा, म्हणून त्याचे दर्शनही निराळ्या रीतीने घ्यावे. माझी माहूरच्या यात्रेकरूंस सूचना अशी की, प्रथम खाली हौद्याजवळ न जाता सर्वांत वरच्या रांगेस जावे, आणि जेथे शेतावरचा मनुष्य बसत असे तेथे बसून हौद्याकडे पाहावे. मग एकेक रांग खाली उतरत यावे, आणि दृष्टीत किती अल्प फरक पडतो याचा अनुभव घ्यावा. शक्य असेल तर कुस्त्यांचे मैदान भरलेल्या दिवशी पुन्हा जावे. रिकाम्या मैदानात महाराजांचा विचार दिसतो, भरलेल्या मैदानात त्या विचाराचा उपयोग दिसतो, आणि दोन्ही पाहिल्यावाचून खासबाग पाहिले असे होत नाही.

मैदानाच्या लगतच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. खासबागेनंतर लगेच महाराजांनीच ते बांधविले, १९१५ मध्ये ते खुले झाले, आणि मल्ल व नट या दोघांना महाराजांनी एकमेकांच्या शेजारी जागा दिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, या नाट्यगृहास आग लागून ते जळाले. त्या रात्री कोल्हापुरातील माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. शंभरावर वर्षे उभ्या असलेल्या वास्तूला काही घटका पुरल्या. म्हणून खासबागेची निगा आजच, पूर्ण जाणतेपणाने व्हावयास हवी: पायऱ्यांच्या फटींत वाढणारे गवत आणि झुडपे काढणे, पावसाचे पाणी हौद्याकडे न वळता बाहेर जावे यासाठी गटारे मोकळी ठेवणे, आणि मूळ उताराला धक्का न लावता डागडुजी करणे.

आमच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांनी याशिवाय एक काम हाती घ्यावे. खासबागेत उतरलेल्या मराठवाड्याच्या मल्लांची हकिगत, कोणत्या वर्षी, कोणाशी, कोणत्या डावावर, अशी आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या वस्तादांच्या स्मरणात आहे. माळेगावच्या यात्रेत हे वस्ताद दरसाल हौद्याच्या कडेला येऊन बसतात. जिल्हा परिषदेने त्या दिवसांत एखादा जाणता लेखनिक त्यांच्याजवळ बसवावा, आणि ते सांगतील ते नावनिशीवार उतरवून घ्यावे.